रीसेल फ्लॅट घेताना विक्रेत्याशी कसं वागावं? (पाहणीपासून किल्लीपर्यंत)

उंबरठा

रीसेल फ्लॅटच्या कागदपत्रांवर इथे बरेच धागे आहेत. समोर बसलेल्या विक्रेत्याशी कसं वागायचं यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. व्यवहार पुष्कळदा तिथेच फाटतो, म्हणून हा धागा. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायटीतला, कर्ज काढून घ्यायचा फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

माझ्या मते पहिली सभ्यता म्हणजे आपल्या पैशाचा हिशोब स्वतःला ठाऊक असल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नये. समजा पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट आहे. गृहकर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या ६४ लाखांत धरलेलं नसतं. पुण्यात ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ५,६०,००० आणि नोंदणी शुल्क ३०,०००. सरकारी मूल्य ठरलेल्या किमतीहून जास्त असेल तर शुल्क त्या जास्तीच्या आकड्यावर लागतं. फक्त स्त्रीच्या नावावर खरेदी असेल तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. म्हणजे दलाली, वकील, सोसायटीचे पैसे धरण्याआधीच साधारण २२ लाख हाताशी हवेत. ते १४ असतील आणि तुम्ही 'पैशाची काळजी करू नका' म्हणत असाल, तर समोरच्याने त्या भरवशावर दुसरीकडे इसार देऊन ठेवलेला असतो.

त्यामुळे बँकेकडून आधी पात्रतेचं मंजुरीपत्र घ्या आणि दुसऱ्या भेटीत स्वतःहून दाखवा. भाव करताना त्याचा फायदा तुम्हालाच होतो. पैसे तयार असलेल्याला विक्रेता दोन पावलं खाली येतो.

पाहणीला जाताना:

वेळ ठरवून जा. उशीर होणार असेल तर निघण्याआधी फोन करा. पहिल्या वेळी दोघं, फार तर तिघं. काका, मेव्हणे, वास्तुतज्ज्ञ ही मंडळी घर जवळजवळ पक्कं झाल्यावर एकदाच न्या. चपला बाहेर. फोटो विचारून काढा आणि देवघर, मुलं, कपाटं फोटोत घेऊ नका. घरात भाडेकरू राहत असेल तर त्याची वेळ वेगळी विचारा, मालकाची परवानगी तेवढ्याला पुरत नाही.

घराला नावं ठेवून भाव पडतो हा गैरसमज आहे. 'किचन अगदीच जुनाट आहे हो' हे त्या ओट्यापाशी वीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाईंसमोर बोलायची गरज नसते. 'ओटा आणि प्लंबिंग बदलावं लागेल, त्याचा खर्च धरून आमचा आकडा असा येतो' असं म्हटलं की तोच मुद्दा न दुखावता पोचतो.

---

मोजपट्टी

पाहणीबद्दल थोडी भर. तपासायला लाजू नये, फक्त विचारून तपासावं. 'नळ सोडून बघू का?', 'बेसिनखालचं दार उघडू का?' या प्रश्नांना कुणी नाही म्हणत नाही.

काय बघायचं: बाथरूमच्या पलीकडच्या खोलीतली भिंत, जमिनीपासून साधारण फूटभर उंचीपर्यंत. रंगाला फोड आले असतील किंवा पांढरी पूड सुटत असेल तर ओल आहे. नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला असेल तर कारण सरळ विचारा. पश्चिमेच्या खिडक्यांचे खालचे कोपरे. शेवटच्या मजल्यावर छताला तडे. बाल्कनीच्या छताचं प्लॅस्टर सुटून लोखंड दिसतंय का.

हात लावून ओल कळते, पण ती वरच्या फ्लॅटमधून येते की याच घरातल्या पाइपातून, ते नुसतं बघून कळत नाही. माहितगार माणूस आणायचा असेल तर एकदाच, तासाभराची वेळ ठरवून आणा. आणि त्याला आधीच सांगून ठेवा की निष्कर्ष घराबाहेर आल्यावर बोलायचे.

चौथ्यांदा 'फक्त पाच मिनिटं बघून जातो' म्हणून जाणं टाळा. दर वेळी त्या घराला पसारा आवरावा लागतो.

---

दुसरा_मजला

छान धागा. एक शंका. किती कमी भाव मागितला तर तो अपमान समजला जातो? ८० सांगितले तर ६५ म्हणावं का?

---

उंबरठा

@दुसरा_मजला, टक्केवारीत उत्तर नाही. आकड्यामागे आधार असला तर कमी आकडाही राग आणत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये त्याच इमारतीतल्या अलीकडच्या खरेद्यांची सूची क्र. २ (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) विनामूल्य पाहता येते. दोन-तीन नोंदी काढा. नोंदीतलं क्षेत्र चटई (भिंतींच्या आतलं) आहे की बांधीव (भिंती धरून) ते नीट वाचा, लोक इथेच चुकतात. बांधीव क्षेत्राचा दर चटई क्षेत्राला लावला की तुमचा आकडा हास्यास्पद होतो आणि विक्रेता पुढचं काहीच ऐकत नाही. मजला, पार्किंग आणि विक्रीचं वर्षही जुळवून बघा.

'याच विंगमध्ये गेल्या वर्षी पार्किंगसह इतक्याला नोंद झाली आहे, म्हणून आम्ही इतकं म्हणतोय' असं सांगा. मग थांबा. लगेच उत्तर मागू नका, घरात चार माणसांशी बोलून त्यांना ठरवायचं असतं.

भाव एकदा ठरला की ठरला. नोंदणीच्या आदल्या दिवशी 'दोन लाख कमी करा, नाहीतर राहू द्या' म्हणणारे असतात. विक्रेत्याने पुढच्या घराचे पैसे भरलेले असतात, ट्रक सांगितलेला असतो, त्याला हो म्हणावंच लागतं. हे मला सरळ लुबाडणं वाटतं. खरोखर नवीन काही निघालं, उदाहरणार्थ भोगवटा प्रमाणपत्रच (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नाही किंवा सोसायटीची मोठी थकबाकी, तर गोष्ट निराळी. तेव्हा कागद समोर ठेवून बोला.

---

शिक्कामोर्तब

इसाराबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात.

इसार देणं म्हणजे समोरच्याला इतर गिऱ्हाइकं बंद करायला सांगणं. दोन-तीन घरांना छोटा छोटा इसार देऊन ठेवायचा आणि मग निवडायचं, हे करू नका. रक्कम ५१ हजार असो की एक लाख, खात्यातून खात्यात द्या. रोखीचा आग्रह अजिबात नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर बसतो. 'थोडे रोख घ्या ना' ही तुमच्या शुल्काची बचत आणि त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार.

इसार पावतीत इतकं तरी हवं: सगळ्या मालकांची नावं, फ्लॅटचं पूर्ण वर्णन, पार्किंग, एकूण किंमत, किती दिवसांत नोंदणी (३० ते ४५ दिवस वाजवी), ताबा कधी, घरात काय काय राहणार. शिवाय तीन शक्यता वेगवेगळ्या लिहा. मालकी हक्कात दोष निघाला किंवा मालमत्तेच्या कागदांमुळे बँकेने कर्ज नाकारलं तर इसार पूर्ण परत, इतक्या दिवसांत. घेणाऱ्याचं मन बदललं तर काय. देणाऱ्याचं मन बदललं तर काय. तुमच्याच उत्पन्नामुळे कर्ज नाकारलं गेलं तर तो भार विक्रेत्यावर टाकू नये, असं माझं मत.

दुसरं, कागद मागण्याची पद्धत. आज एक, परवा दुसरा, मग वकिलांना आठवलं म्हणून तिसरा, असं करू नका. वकिलाकडून एकच यादी घ्या: आधीच्या सगळ्या करारांची साखळी सूची क्र. २ सह, भागप्रमाणपत्र (सोसायटीच्या शेअर्सचा दाखला), मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत कराची शेवटची पावती, वीजबिल, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, कर्ज असल्यास बँकेचं पत्र. आधी प्रती मागा. मूळ कागद त्यांच्या समोर बघा, घरी नेऊ नका.

वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यायची असेल तर विक्रेत्याला आधी कल्पना द्या. १४ दिवसांची नोटीस ही नेहमीची पद्धत आहे, पण काही न सांगता दिली तर शेजारी फोन करून विचारतात आणि घरातल्यांना ते लागतं.

मूळ मालक वारलेले असतील तर फार सांभाळून. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, म्हणून सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतंच. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं वकिलाच्या यादीतून मागा. बैठकीत 'तुमच्या मुलीचा काही दावा येणार नाही ना?' असं विचारू नका.

---

सोसायटीची_सही

सोसायटीच्या बाजूने थोडं. हस्तांतराच्या आधी सभासदाने सचिवांना १५ दिवसांची सूचना द्यायची असते, सोबत घेणाऱ्याची संमती जोडून. उपविधीप्रमाणे विक्रीला सोसायटीचं ना-हरकत पत्र बंधनकारक नाही, पण तुमची बँक ते मागतेच. म्हणून बँकेचा नमुना मजकूर आधीच आणून विक्रेत्याच्या हाती द्या, सचिवाला दोनदा टाइप करायला लावू नका.

महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्य (फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) जास्तीत जास्त २५,०००, हस्तांतर शुल्क ५००, प्रवेश शुल्क १००. देणगीच्या नावाखाली जास्त मागता येत नाही. अधिमूल्य कुणी भरायचं ते इसाराच्या वेळी ठरवा. निम्मं-निम्मं ही चालत आलेली रीत आहे, पण बोलल्याशिवाय गृहीत धरू नका.

जुन्या इमारतीत आणखी एक. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी सर्वसाधारण सभेत ठरली असेल तर कोणत्या तारखेपर्यंतचे हप्ते विक्रेत्याचे, ते लिहून घ्या. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर मिळणारं भाडं आणि कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) कुणाचा, हेही करारात स्पष्ट हवं. विक्रेत्याला चुकवून समितीच्या लोकांकडे चौकशा करत फिरू नये. 'सभांचे इतिवृत्त बघायचे आहेत' असं त्यालाच सांगा, तो सभासद म्हणून मागू शकतो.

---

तुळशीवृंदावन_ठाणे

+१. वाखू (वाचनखूण) साठवली.

दलालाबद्दल कुणी लिहिलं नाही. ज्याने घर दाखवलं त्याला वगळून विक्रेत्याला परस्पर फोन करणं वाईटच. विक्रेत्यालाही त्याने अवघडल्यासारखं होतं, कारण दलाल त्याच्याच ओळखीतला असतो. दलाली किती टक्के आणि कधी द्यायची (माझ्या मते नोंदणीच्या दिवशी) ते पहिल्या पाहणीच्या आधी ठरवावं.

---

रुपया_आणा

टीडीएसवरून (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) विक्रेते हमखास चिडतात, आणि चूक बहुधा घेणाऱ्याची असते, कारण त्याने आधी सांगितलेलं नसतं.

किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. कर यांपैकी जास्त असलेल्या आकड्यावर. सरकारी मूल्य किमतीइतकंच किंवा कमी असेल तर ८० लाखांवर ८०,०००. हे किमतीतून वजा होतात, वरून नाहीत. पहिल्याच बैठकीत सांगा: 'तुमच्या हातात ७९,२०,००० येतील आणि ८०,००० तुमच्या पॅनवर जमा होतील, विवरणपत्रात ते तुम्हाला धरता येतील.'

कर प्रत्येक हप्त्याला कापायचा असतो, इसारावर आणि बँकेकडून थेट जाणाऱ्या रकमेवरसुद्धा. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क तुमच्यावर, आणि विक्रेत्याच्या खात्यात रक्कम दिसत नाही म्हणून त्याचा परतावा अडकतो. भरल्यावर त्याला प्रमाणपत्र डाउनलोड करून पाठवा, त्याने मागायची वाट बघू नका. पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, तेही आधी विचारा. पॅन निष्क्रिय असेल तर १ नव्हे, २० टक्के कापावा लागतो. दोन मालक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याचा कर त्याच्याच पॅनवर.

विक्रेता परदेशस्थ असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कपात कितीतरी जास्त असते. कमी कपातीचा दाखला त्यांनी प्राप्तिकर खात्याकडून आधी मिळवायचा आणि त्याला वेळ लागतो. मुलं अमेरिकेत, आई-वडील इथे आणि फ्लॅट तिघांच्या नावावर, असे व्यवहार आता बरेच असतात. इसाराच्या आधी विचारा: 'मालकांपैकी कुणी अनिवासी आहे का?' एवढ्या एका प्रश्नाने दोन महिन्यांची ओढाताण वाचते.

---

दुसरा_मजला

विक्रेत्याचं कर्ज अजून चालू असेल तर पैसे कुणाला द्यायचे? आणि त्यांना आपल्यावर विश्वास कसा वाटायचा?

---

शिक्कामोर्तब

८० लाखांचंच उदाहरण घेऊ. विक्रेत्याचं २२ लाख कर्ज बाकी आहे. त्यांनी आपल्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि बँकेत ठेवलेल्या मूळ कागदांची यादी आणायची. तुमची बँक ६४ लाखांपैकी २२ लाखांचा धनादेश थेट त्यांच्या बँकेच्या नावे काढते, उरलेले ४२ विक्रेत्याला. तुमच्या १६ लाखांतून १ लाख इसार, ८०,००० टीडीएस आणि १४,२०,००० नोंदणीच्या दिवशी. हा सगळा हिशोब कागदावर मांडून त्यांच्या हाती द्या, धनादेश कुणाच्या नावे आणि कधी, यासह. विश्वास त्यातून येतो.

तारखा का पाळायच्या तेही बघा. २२ लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याला १६,५०० व्याज चढतं. तुमच्या बँकेचे कागद तुम्ही महिनाभर उशिरा दिले तर ते विक्रेत्याच्या खिशातून जातात. बाकी रकमेचं पत्रही ठरावीक तारखेपर्यंतच चालतं, मग नवीन आणावं लागतं. उशीर होणार हे कळलं की त्याच दिवशी सांगा, कारण आणि नवी तारीख दोन्ही.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचं बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून घातलं आहे. तोपर्यंत दर दोन दिवसांनी विक्रेत्याला 'कागद आले का?' म्हणून फोन करू नका. तो बँकेला अर्ज देईल तेव्हाच त्याची पोच मागून ठेवा.

---

मुदत_१५_दिवस

नोंदणीच्या दिवसाचं कुणीतरी लिहा. आई-वडिलांच्या वयाचे विक्रेते असतात, त्यांचे हाल होतात.

---

शिक्कामोर्तब

कराराचा मसुदा तीन-चार दिवस आधी द्या. त्यांना मराठी सोयीचं असेल तर मराठीतच करा, नोंदणी मराठी दस्ताचीही होते. टेबलावर बसल्यावर 'इथे सही करा' असं नको. नावांचं स्पेलिंग पॅन आणि आधारशी जुळवून घ्या, दस्त अडकतो तो इथेच.

वेळ सकाळची घ्या. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांच्या आसपास नोंदणी कार्यालयांत गर्दी असते, ज्येष्ठ लोकांना तेव्हा नेऊ नका. दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरून ठेवा, ई-चलन काढून ठेवा. साक्षीदार दोन, ओळखपत्रांसह, तेही तुम्हीच आणा. विक्रेत्याला जाण्या-येण्याची गाडी विचारा. अंथरुणाला खिळलेले मालक असतील तर अर्ज आणि शुल्क भरून दुय्यम निबंधक गृहभेटीला येतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. सही झाल्यावर काही कारणाने नोंदणी राहिली तर चार महिन्यांची मुदत असते, पण ती ताणू नये.

पितृपक्षात इसार नको, असं त्यांना वाटत असेल तर वाद घालू नका. पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही.

---

उंबरठा

ताब्याबद्दल उरलेलं लिहितो.

पूर्ण पैसे मिळाल्यावर किल्ली, हा साधा नियम. विक्रेत्याला नंतर पंधरा दिवस राहायचं असेल, मुलांची परीक्षा असेल, घरात गौरी-गणपती बसायचे असतील, तर शक्य तितकं द्या. पण तारीख आणि ताब्याच्या वेळी द्यायची राखून ठेवलेली रक्कम (एक-दोन लाख) लिहून. ती रक्कम किल्ली मिळताच तिथेच ट्रान्सफर करा, 'उद्या करतो' नको.

ताब्याआधी सुतार आणि इंटिरियरवाल्याला मापं घ्यायला न्यायचं असेल तर एकदाच, विचारून. भिंतीवर पेन्सिलच्या खुणा करू नका, अजून ते त्यांचं घर आहे.

काय राहणार याची यादी खोलीवार करा: पंखे किती, गीझर, एसी, वॉटर प्युरिफायर, पडद्यांचे रॉड, किचन ट्रॉल्या, इन्व्हर्टर. देवघर भिंतीत बसवलेलं असेल तर वेगळं विचारा. यादीत नसलेल्या वस्तूवर ताब्याच्या दिवशी हक्क सांगू नका, 'हा झोपाळा राहू द्या ना' असंही नाही.

---

सोसायटीची_सही

ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून वीजमीटर आणि गॅसमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, तारखेसह. त्या रीडिंगपर्यंतचं बिल त्यांचं, पुढचं तुमचं. वीज, पाइप गॅस आणि मिळकत कराच्या नावबदलाचे अर्ज आधी भरून ठेवा म्हणजे त्यांच्या सह्या त्याच बैठकीत होतात, पुन्हा बोलावायला नको. वीज आणि गॅसची सुरक्षा ठेव तुमच्या नावावर वळती होणार असेल तर तेवढी रक्कम त्यांना द्या, बरेच जण हे विसरतात.

भागप्रमाणपत्र, सोसायटीच्या हस्तांतर अर्जाची पोच, गेटचे पास, टपालपेटीची किल्ली, गच्चीची असेल तर तीही मोजून घ्या. आणि त्यांचा नवा पत्ता विचारून ठेवा. पुढचे पाच-सहा महिने त्यांची पत्रं तुमच्याच दारात येत राहतील.